गावचं मोठं घर विकायचंय, तोवर चिपळुणात एक बीएचके: आधी काय, नंतर काय?

रातांबा

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून साधारण दीड किलोमीटर आत, चिऱ्याचं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि माळा मिळून अंदाजे १,८०० चौरस फूट. भोवती ३२ गुंठे जागा, सगळी एकाच गटात. त्यात हापूसची २१ कलमं, १४ माड, थोड्या पोफळी, एक विहीर. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडीच आहे, गाडी दारात येत नाही. आईबाबा ७१ आणि ७६ वर्षांचे, चढउतार होत नाही. चिपळूणला ४२० चौरस फूट कार्पेटचा एक बीएचके पाहिलाय. गावचं घर विकायचं ठरलंय, पण गिऱ्हाईक सहा महिन्यांत मिळेल की दोन वर्षांत, सांगता येत नाही.

सातबारावर बाबा, एक काका आणि दोन आत्या अशी चार नावं. काका-आत्या "घर तुमचंच" म्हणतात, पण कागदावर काही नाही. एक आत्या अमेरिकेत असते. घरपट्टी बाबांच्या नावावर येते. इतर अधिकारात "कु. का. कलम ४३ ला पात्र" असा शेरा आहे.

फ्लॅट आत्ताच घेऊन टाकावा का? मधल्या काळात बंद घराचं पावसात काय करायचं? शेजारचं एक कुटुंब "आम्ही राहतो, घर सांभाळतो" म्हणतंय, त्यांना ठेवावं का? आणि एवढं सामान ४२० फुटांत बसवायचं कसं?

---

फेरफार

फ्लॅटचं टोकन देऊ नका अजून. तुमचं घर आज विकण्याच्या स्थितीतच नाही, गिऱ्हाईक नंतरची गोष्ट.

घरपट्टी बाबांच्या नावावर आहे म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला त्यांचं नाव आहे, इतकंच. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जागा चौघांची आहे. काका-आत्या मोबदला न घेता हक्क सोडणार असतील तर बाबांच्या लाभात हक्कसोडपत्र करा. वडिलोपार्जित मिळकतीत भावाबहिणींमधल्या विनामोबदला हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र लागतो. पूर्वी २०० रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाला. पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. नोटरीसमोर केलेल्या हक्कसोडावर फेरफार (सातबारावरच्या नावांतला बदल) होत नाही, आणि गावोगाव कपाटांत असेच नोटरी केलेले कागद पडून आहेत. काका किंवा आत्या पैसे घेणार असतील तर ही सवलत नाही, मग तो सरळ विक्रीसारखा मुद्रांक.

अमेरिकेतल्या आत्यांचं काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण वेळ तिथेच जातो. त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवायचं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यायचं. मुदत चुकली की दंड. त्यांचा हक्क सुटलेला असणं दुसऱ्या कारणानेही सोयीचं आहे. अनिवासी व्यक्ती विकणाऱ्यांत असली की तिच्या हिश्शावर खरेदीदाराला नेहमीचा एक टक्का नाही, तर भांडवली नफ्याच्या दराने टीडीएस कापावा लागतो. ते ऐकूनच बरेच खरेदीदार मागे सरतात.

कलम ४३ चा शेरा म्हणजे ही जमीन कुळ कायद्याने खरेदी झालेली. ३२-म चा (कुळाने जमीन विकत घेतल्याचा) दाखला मिळून १० वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर विक्रीला परवानगी लागत नाही, आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारकडे भरायचा. कोकणात आकार रुपया-पैशांत असल्याने रक्कम चहापाण्याची निघते. पण चलन भरून शेरा कमी झाल्याची नोंद नसेल तर खरेदीदाराचा वकील तिथेच अडतो.

आता मुख्य अडचण. सातबारावर घराखालची जागा "घरपड" (घराने व्यापलेली जागा) म्हणून दिसते की नाही आणि घर गावठाणात आहे की बाहेर, ते पाहा. गावठाणाबाहेर शेतजमिनीत असेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे खरेदीदार शेतकरीच हवा. मुंबईचे निम्मे गिऱ्हाईक इथेच गळतात. शिवाय अशा घरावर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणजे पूर्ण रक्कम हातात असलेलाच माणूस लागतो. कोकणातली घरं वर्षानुवर्षं पडून राहतात त्याचं मोठं कारण हे, भाव नंतर. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर बिगरशेती होऊ शकतं का, हे तहसील कार्यालयात विचारा.

"घर आणि पाच गुंठे विकू, बाग ठेवू" असा विचार मनात असेल तर तुकडेबंदी आडवी येते. रत्नागिरी जिल्ह्यात प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही असं क्षेत्र, बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे.

मोजणीचा अर्ज लगेच भरा, हद्द कायम मोजणीचा. पावसात रान वाढलं की गडगे दिसत नाहीत, काम डिसेंबर ते मे मध्येच नीट होतं. नकाशाची "क" प्रत हातात असली की शेजाऱ्याचा "आमचा गडगा आत आहे" हा वाद बोलणी सुरू होण्याआधीच मिटतो. आणि पाखाडी कोणाच्या गटातून येते तेही त्यात दिसेल. ती खासगी जागेतून असेल तर वहिवाटीबद्दल त्या मालकाचं लेखी, शक्य झाल्यास नोंदणीकृत संमतीपत्र घ्या. गाडीरस्त्याची संमती मिळाली तर घराचा भावच बदलेल.

---

चिरेबंदी

कागदांबद्दल वरचं पुरेसं आहे. मी घराचं सांगतो, कारण बंद कौलारू घर एका पावसाळ्यात बसतं.

बसतं ते असं. एक कौल सरकतं (वांदर, पडलेला नारळ, नाहीतर वारा) आणि पाणी रिपेवर (कौलाखालच्या लाकडी पट्टीवर) येतं. रीप कुजली की आणखी चार कौलं उतरतात. मग पाणी भिंतीच्या माथ्यावर. जुन्या घरांत चिरा मातीत बांधलेला असतो, वरून फक्त गिलावा. आत पाणी शिरलं की माती धुपते आणि भिंत पोट काढते. माणूस राहत असेल तर पहिल्याच दिवशी थेंब दिसतो आणि कौल सरळ होतं. बंद घरात तोच थेंब चार महिने पडतो.

शाकारणी (कौलं परतणं) मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. बदली कौलं विकत आणण्याआधी जुन्या कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप बघा. दुसऱ्या छापाच्या कौलाची खाच जुळत नाही, फट राहते आणि तिथूनच झड आत येते. सोपा मार्ग म्हणजे मागच्या पडवीची कौलं काढून पुढच्या मुख्य छपराला वापरायची आणि पडवीला सगळी नवी, एकाच छापाची घालायची. ५० कौलं आणि ८ ते १० कोने (आढ्यावरची कौलं) घरातच शिल्लक ठेवा. छपरावर झुकलेले माड असतील तर पावसाआधी पाडेली (माडावर चढणारा) बोलावून नारळ, सुक्या झावळ्या आणि पोयी उतरवा, पुढे दर दीड महिन्याने. पन्हळीतला पाला काढा. पन्हळ तुंबली की पाणी जोत्याच्या कडेला पडतं आणि भिंतीचा पाया भिजतो.

घर घट्ट बंद करू नका, ही चूक बहुतेक जण करतात. हवा न फिरल्याने श्रावणापर्यंत कपाटांवर पांढरी बुरशी येते. झरोके आणि समोरासमोरच्या दोन खिडक्यांची वरची झडपं उघडी ठेवा, त्यांना बारीक जाळी मारा. लाकडी सामान भिंतीपासून चार इंच पुढे आणि खाली विटा. कपाटांची दारं किलकिली. कापसाच्या गाद्या, उशा, गोधड्या घरात ठेवूच नका, ओल धरतात आणि उंदीर बोलावतात. खोलीत कळीचा चुना ठेवायचा तर मातीच्या पसरट भांड्यात किलोभर, भांडं निम्मं रिकामं, कारण ओल धरून तो फुगतो. मूल किंवा मांजर पोचेल अशा जागी नको.

वाळवी: इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी, लिटरभर पाण्यात २.१ मिली. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात १२ मिमीची भोकं, एक-एक फुटावर, प्रत्येकात लिटरभर द्रावण, मग सिमेंटने बुजवायची. विहिरीच्या बाजूच्या भिंतीला हे करू नका. चिऱ्याची जमीन सच्छिद्र असते, औषध झिरपून पाण्यात जातं. त्या बाजूला वाळवीच्या मातकट नळ्या दर खेपेला खरवडून काढणं एवढाच उपाय.

वीज मीटर कायमचं बंद करू नका. पंधरवड्यातून एकदा पंप दहा मिनिटं चालवावा लागतो, नाहीतर खाऱ्या हवेत इम्पेलर धरून बसतो. मेन स्विचला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, आणि निघताना पंप आणि एक दिवा सोडून बाकी सगळं बंद. इन्व्हर्टरची बॅटरी तिथे ठेवू नका, चार्ज न होता पडली की मरते. फ्रिज रिकामा, पुसलेला, दारात लाकडी पाचर. संडास-न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल ओता, म्हणजे पाणी लवकर उडत नाही आणि वास-झुरळं वर येत नाहीत. वरची टाकी रिकामी करून झाकण बांधा. गॅस सिलिंडर घरात अजिबात नको.

जून ते सप्टेंबर आठवड्याला एक फेरी, आणि मोठं वादळ होऊन गेलं की दुसऱ्याच दिवशी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली ती काही तासांत, पण घरं गेली ती नंतरच्या पावसात, वेळेवर ताडपत्री न पडल्यामुळे. तेव्हा १८ बाय २४ फुटांची एक जाड ताडपत्री आणि सुंभाचा नव्हे तर नायलॉनचा दोर घरात असू द्या. घराचा विमा असेल तर घर सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणार हे कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

या वर्षीचा गणपती जुन्याच घरात बसवा. भाद्रपदात घर आठवडाभर उघडं राहतं, चूल पेटते, आणि गळती कुठे आहे ते पाऊस असतानाच कळतं.

---

उधाण

आता पैशांचं, कारण "आधी फ्लॅट की आधी विक्री" याचं उत्तर आयकरात आहे.

राहतं घर विकून झालेला दीर्घकालीन नफा नव्या घरात घातला तर सूट मिळते (१९६१ च्या कायद्यातलं कलम ५४. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत). अट अशी: नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलेलं हवं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. म्हणजे तुम्ही आज फ्लॅट घेतलात आणि गावचं घर चौदा महिन्यांनी विकलं गेलं, तर त्या फ्लॅटवर सूट नाही. चार नावांचा सातबारा साफ व्हायलाच सहा-आठ महिने धरा. म्हणून चिपळुणात आधी ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जा. आईबाबांना ४२० फुटांत राहायला जमतं का, तेही कळेल. विक्रीनंतर निवांत दोन वर्षं आहेत.

फ्लॅट बाबांच्याच नावावर, किंवा त्यांच्यासह, घ्यायचा. विकणारा एक आणि नवं घर फक्त मुलाच्या नावावर, यातून वाद निघतात.

विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत फ्लॅट घेऊन झाला नाही तर पैसे कॅपिटल गेन अकाउंट स्कीममध्ये ठेवावे लागतात. हे खातं बँकांच्या ग्रामीण शाखांत उघडत नाही, गुहागरातल्या खेड्यातल्या शाखेत हेलपाटे घालू नका.

कर किती, याचं एक उदाहरण. विक्री ४५ लाख, आणि १ एप्रिल २००१ ची घर-जागेची किंमत ६ लाख धरू. (ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्यायची, आणि त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही.) निर्देशांकाशिवाय (महागाईनुसार खरेदीची किंमत न वाढवता) १२.५ टक्क्यांनी: ३९ लाखांवर ४ लाख ८७ हजार ५००. २३ जुलै २०२४ पूर्वीची मिळकत असल्याने निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्यायही आहे: २०२५-२६ चा ३७६ निर्देशांक धरला तर खर्च २२ लाख ५६ हजार, नफा २२ लाख ४४ हजार, कर ४ लाख ४८ हजार ८००. दोन्हींवर उपकर वेगळा. दोन्ही आकडे काढूनच ठरवा, २००१ ची किंमत कमी निघाली तर उलटही होतं.

आणखी एक, जे खरेदीखत लिहिणारे विसरतात. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची (लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर २ किलोमीटर) शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही. तुमची बाग त्यात बसत असेल तर खतात घर व घरपड यांची किंमत वेगळी, बागेची वेगळी लिहून घ्या. एकच ठोक रकमेचं खत झालं तर बागेच्या भागाचा कर वाचवणं नंतर अवघड होतं. अर्थात आकडे मुद्रांक मूल्याशी सुसंगत हवेत. घराचा दाखवलेला भाव त्यापेक्षा खूप खाली असेल आणि मुद्रांक मूल्य ११० टक्क्यांच्या वर जात असेल, तर कर मुद्रांक मूल्यावर लागतो.

रोख २० हजार किंवा त्याहून जास्त घेऊ नका, इसार म्हणूनही नाही.

चिपळुणात भाड्याने असो की विकत, २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी त्या इमारतीत कुठवर आलं होतं ते खालच्या दुकानदाराला विचारा आणि निळी-लाल पूररेषा नगरपरिषदेत पाहा. पहिला मजला कोरडा होता म्हणून भागत नाही. मीटर खोली आणि लिफ्टची मोटर तळमजल्यावर असेल तर पुरानंतर ७६ वर्षांचा माणूस वर अडकतो.

---

रातांबा

सगळ्यांचे आभार. टोकन थांबवलं. शेजारच्या कुटुंबाचं आणि आंब्याचं राहिलं. एक ओळखीचे बागवाले पाच वर्षांच्या कराराने कलमं मागतायत, पैसे आगाऊ.

---

फेरफार

पाच वर्षं नको, घर विकायचंय तुम्हाला. एका हंगामाचा लेखी करार, ३१ मे ला संपणारा, आणि त्यात "झाडावरील फळांची विक्री, जमिनीचा ताबा नाही" हे स्पष्ट. पाच वर्षं आगाऊ पैसे देणारा माणूस पैसे वसूल करायला कल्टार (मोहोर आणायचं औषध) भरमसाट ओततो आणि कलमं थकतात, हा धोका वेगळाच. करारात औषधाचं प्रमाण तुमच्या संमतीने असं लिहा. हंगामात विक्री झाली तर ते पीक कोणाचं, हेही आत्ताच लिहून टाका. कोणी "वाळका फणस तोडून नेतो" म्हणालं तर थांबवा. आंबा, फणस, साग, किंजळ, ऐन ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, परवानगी लागते.

शेजाऱ्यांना राहायला देऊ नका. कितीही चांगले असोत, ताबा असलेलं घर बघून गिऱ्हाईक परत जातं. किल्ली द्या, राहणं नको.

---

चिरेबंदी

इथे माझं थोडं वेगळं मत. माणूस राहता असलेलं घर टिकतं, हे खरंच आहे. ठेवायचंच असेल तर ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स, भाडं नाममात्र पण बँकेतून, आणि त्यांचं रेशनकार्ड-वीजबिल त्या पत्त्यावर जाणार नाही ही अट. नोंदणी करणं मालकाची जबाबदारी आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार. एवढं करायची तयारी नसेल तर फेरफार म्हणतात तसंच करा: फेरीमागे पैसे ठरवा आणि दर फेरीचे माळ्यावरून काढलेले फोटो मागा. ओटीचा फोटो काही कामाचा नाही.

---

घंगाळ

सामानाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

आधी फ्लॅटच्या दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टच्या आतली मापं घ्या, मग घरातल्या वस्तूंची. शिसवी कपाट खोलीत मावतं पण जिन्याच्या वळणावर अडतं, कारण जुनी कपाटं सुटी होत नाहीत. पलंग बहुधा होतो, खुंट्या ठोकून काढा, करवत नको. झोपाळा न्यायचा असेल तर स्लॅबला फास्टनर मारून टांगू नका, लोखंडी स्टँडवर बसवा. तो साधारण सहा फूट भिंत खातो, त्यामुळे ४२० फुटांत झोपाळा किंवा सोफा, एकच काहीतरी.

तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची घाई करू नका. मोडीचा भाव वजनावर मिळतो, हंडे-घंगाळं वापरायला घेणारे त्याहून जास्त देतात. जातं, पाटा, उखळ घराबरोबरच जाऊ द्या, खरेदीदाराला ते हवं असतं. खांब, तुळया, दारं मात्र सुटी विकू नका, घराचा भाव त्यातच आहे.

बेगमीची सवय बदलावी लागेल. वर्षाचे तांदूळ, आगळाचे बुधले, कोकमं, सांडगे-पापड यांना फ्लॅटमध्ये माळा नसतो. तांदूळ दोन महिन्यांचेच न्या, बाकी भातच ठेवा गावाला, पत्र्याच्या कणगीत, आणि लागेल तसं भरडून आणा. आईंना हे पटवणं आयकरापेक्षा कठीण जाईल, मीही खात्री देत नाही.

नोंदणीला बाबांना जिने चढवू नका. दुय्यम निबंधक कार्यालयात गृहभेटीचा अर्ज करता येतो. त्या दिवशी डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला तयार ठेवा, ७६ वय बघून पुढे कोणी "समजून सही केली का" असा प्रश्न काढला तर तोच कागद उपयोगी पडतो. हक्कसोड आणि खरेदीखत, दोन्ही वेळा नवा दाखला.